ताकीद दिल्यानंतरची सात-आठ मिनिटं

वाहतुकीचा नियम मोडणारी गाडी थांबवायचा अधिकार पोलिसाला आहे का, हा प्रश्न अमेरिकेतल्या न्यायालयांनी केव्हाच निकालात काढला आहे. अधिकार आहे, आणि तो चांगला ऐसपैस आहे. अवघड प्रश्न पुढचा आहे. नियमभंगापोटी मिळालेला हा अधिकार संपतो कधी? कागदपत्रं परत दिल्यावर? पोलिसाने ‘जा’ म्हटल्यावर? की त्याचं समाधान होईल तेव्हा? नेब्रास्का राज्यात एका महामार्गावर मध्यरात्री घडलेल्या प्रसंगातून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २१ एप्रिल २०१५ रोजी त्याचं उत्तर मिळालं. खटल्याचं नाव रॉड्रिग्ज विरुद्ध युनायटेड स्टेट्स. सगळा वाद सात-आठ मिनिटांचा.

रस्त्यावर काय घडलं

२७ मार्च २०१२. रात्रीचे बारा नुकतेच वाजून गेले होते. नेब्रास्कातल्या महामार्ग क्रमांक २७५ वर व्हॅली गावच्या पोलीस दलातला एक अधिकारी गस्तीवर होता. तो श्वानपथकातला, त्यामुळे फ्लॉइड नावाचा कुत्रा गाडीत सोबत. त्याच्या डोळ्यांदेखत मर्क्युरी माउंटनियर नावाची एक मोठी गाडी हळूहळू साईडपट्टीवर उतरली, एक-दोन सेकंद तशीच गेली आणि झटका देऊन पुन्हा रस्त्यावर आली. नेब्रास्काच्या कायद्यानुसार महामार्गाच्या साईडपट्टीवरून गाडी चालवायला मनाई आहे. १२ वाजून ६ मिनिटांनी अधिकाऱ्याने गाडी बाजूला घ्यायला लावली.

गाडीत दोघे होते. चालवणारा रॉड्रिग्ज आणि शेजारच्या सीटवर त्याचा सोबती. साईडपट्टीवर का गेलास, असं विचारल्यावर रॉड्रिग्ज म्हणाला, खड्डा चुकवत होतो. अधिकाऱ्याने परवाना, नोंदणी आणि विम्याचे कागद घेतले आणि त्याला आपल्या गाडीपर्यंत चल म्हणून सांगितलं. रॉड्रिग्जने विचारलं, यायलाच पाहिजे का? अधिकारी म्हणाला, सक्ती नाही. मग मी इथेच थांबतो, म्हणून तो आपल्या गाडीत बसून राहिला. हा छोटा संवाद खटल्यात निर्णायक ठरला नाही, पण त्यातून दोघांचाही स्वभाव कळतो. एकाला आपले हक्क ठाऊक होते आणि दुसऱ्याने खरं उत्तर दिलं.

अधिकाऱ्याने रॉड्रिग्जची माहिती यंत्रणेत तपासली आणि तो परत आला. आता त्याने सोबत्याचाही परवाना मागितला, कुठून आलात, कुठे चाललात, अशी विचारपूस केली. ओमाहाला एक फोर्ड मस्टँग विकायला होती, ती बघायला गेलो होतो, आता नॉरफोकला परत चाललोय, असं सोबत्याने सांगितलं. अधिकारी पुन्हा आपल्या गाडीकडे गेला, सोबत्याची माहिती तपासली, दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावून घेतलं आणि मग लेखी ताकीद लिहायला घेतली. दंड नव्हताच, फक्त ताकीद.

तिसऱ्या फेरीत त्याने ती ताकीद रॉड्रिग्जच्या हातात दिली, समजावून सांगितली, दोघांचे कागद परत केले. तोवर १२ वाजून २७ किंवा २८ मिनिटं झाली होती. पुढे साक्षीत हा अधिकारी सरळ म्हणाला की त्या क्षणी दोघांचे कागद त्यांच्याकडे होते, ताकीदही दिलेली होती, गाडी ज्या कारणांसाठी थांबवली ती सगळी मार्गी लागली होती.

असं असूनही त्याच्या मते रॉड्रिग्ज जायला मोकळा नव्हता. गाडीभोवती कुत्रा फिरवू का, असं त्याने विचारलं. रॉड्रिग्ज नाही म्हणाला. मग इंजिन बंद करायचा, खाली उतरायचा आणि गस्तीच्या गाडीपुढे उभं राहायचा हुकूम सुटला. १२ वाजून ३३ मिनिटांनी बोलावलेला दुसरा अधिकारी, म्हणजे शेरीफचा (काउंटीच्या पोलीसप्रमुखाचा) डेप्युटी, पोहोचला. फ्लॉइडला गाडीभोवती दोनदा फिरवलं आणि दुसऱ्या फेरीच्या मध्यावर त्याने अमली पदार्थ असल्याचा इशारा दिला. झडतीत मेथॅम्फेटामिनची मोठी पिशवी सापडली. ताकीद दिल्यापासून कुत्र्याच्या इशाऱ्यापर्यंत गेलेला वेळ सात ते आठ मिनिटं.

पिशवी सापडली हे वाचून बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो. माल मिळाला, मग तक्रार कसली? कायदा मात्र उलट्या दिशेने बघतो. पोलिसाकडे काय अधिकार होता, हे पिशवी सापडण्याआधीच्या क्षणाला उभं राहून ठरवायचं असतं. नाहीतर कुत्रा गप्प राहिला असता आणि एका निरपराध माणसाला मध्यरात्री रस्त्याकडेला सात-आठ मिनिटं उभं केलं गेलं असतं, तर त्या गोष्टीची नोंदही कुठे झाली नसती.

अधिकार किती मोठा आहे

खटल्याचं महत्त्व समजायचं तर आधी पोलिसाच्या हातात काय काय आहे ते बघायला हवं. अमेरिकेच्या राज्यघटनेची चौथी घटनादुरुस्ती, १७९१ सालची, गैरवाजवी झडती आणि गैरवाजवी अटकाव या दोन्हींपासून नागरिकाला संरक्षण देते. रस्त्यात गाडी थांबवणं हा अटकाव आहे, मग तो कितीही थोडा वेळ असो. म्हणून त्याला कारण लागतं. १९७९ सालच्या डेलावेअर विरुद्ध प्राऊज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निव्वळ परवाना आणि नोंदणी बघायला, मनात येईल ती गाडी थांबवता येणार नाही. संशयाला बोट ठेवता येईल असं काहीतरी हवं.

हे ऐकायला भक्कम वाटतं, पण वाहतुकीचे नियम इतके बारीकसारीक असतात की ते कारण मिळायला वेळ लागत नाही. पाठोपाठ पाच-दहा मिनिटं गाडी चालवली तर जवळपास कोणाचाही काहीतरी नियमभंग सापडतो. साईडपट्टीवर एक-दोन सेकंद हे त्यातलंच. आणि १९९६ सालच्या रेन खटल्यात न्यायालयाने एकमताने ठरवलं की नियमभंग खरा असेल तर पोलिसाच्या मनात आणखी काय होतं हे तपासायचंच नाही. त्याला अमली पदार्थांचा संशय होता आणि वाहतुकीचा नियम हा बहाणा होता, असं सिद्ध करूनही उपयोग नाही.

गाडी थांबल्यावरही पोलिसाला बरंच करता येतं. १९७७ च्या मिम्स खटल्यापासून तो स्वतःच्या सुरक्षिततेसाठी चालकाला खाली उतरायला सांगू शकतो. २००९ च्या ॲरिझोना विरुद्ध जॉन्सन निकालानुसार तो नियमभंगाशी संबंध नसलेले प्रश्नही विचारू शकतो, फक्त त्यापायी थांबा लांबता कामा नये. आणि २००५ च्या इलिनॉय विरुद्ध कॅबॅलेस खटल्यात गाडीबाहेरून कुत्र्याने वास घेणं हेही चालतं असं ठरलं. त्या प्रकरणात एक पोलीस पावती लिहीत असतानाच दुसऱ्याने कुत्रा फिरवला होता आणि सगळा प्रकार दहा मिनिटांच्या आत आटोपला होता.

आता हे सगळं एकत्र मांडून बघा. कारण सहज मिळतं, हेतू विचारायचा नाही, प्रश्न काहीही चालतात, कुत्रा चालतो. मग नागरिकाच्या बाजूला उरतं काय? उरतो तो फक्त थांब्याचा पल्ला. ज्या कामासाठी थांबवलं ते काम आणि त्याला लागणारा वेळ. माझ्या मते या खटल्याकडे बघायची खरी जागा ही आहे. एवढे सगळे दरवाजे उघडे ठेवल्यावर हा एकच लगाम राहिला होता आणि खालच्या न्यायालयांनी तोही सैल केला होता.

खालची न्यायालयं

रॉड्रिग्जवर नेब्रास्काच्या केंद्रीय जिल्हा न्यायालयात ५० ग्रॅम किंवा त्याहून जास्त मेथॅम्फेटामिन विक्रीसाठी बाळगल्याचा आरोप ठेवला गेला. सापडलेला माल पुराव्यातून वगळा, असा अर्ज त्याने केला. जिल्हा न्यायाधीशांना शिफारस करणाऱ्या मॅजिस्ट्रेट न्यायाधीशांनी दोन गोष्टी त्याच्या बाजूने नोंदवल्या. कुत्र्याने दिलेली माहिती सोडली तर अधिकाऱ्याकडे एका बऱ्यापैकी मोठ्या अंदाजापलीकडे काही नव्हतं, ही पहिली. ताकीद दिल्यानंतर त्याला थांबवून ठेवायला पुरेल असा वाजवी संशय नव्हता, ही दुसरी. एवढं नोंदवूनही शिफारस झाली ती अर्ज फेटाळायची.

याचं कारण आठव्या सर्किटच्या, म्हणजे नेब्रास्का ज्याच्या हद्दीत येतं त्या केंद्रीय अपील न्यायालयाचे जुने निकाल. त्यांतला एक १९९९ सालचा आहे आणि त्यात प्रतिवादी म्हणून चक्क ४,०४,९०५ डॉलर ही रक्कम उभी आहे. तिकडे मालमत्ता जप्त करताना दावा मालमत्तेवरच दाखल करता येतो, त्यामुळे अशी विचित्र नावं होतात. या निकालांचं सार असं की काम संपल्यावर कुत्र्यासाठी काही मिनिटं जास्त गेली तर ती ढवळाढवळ इतकी किरकोळ की घटनेने तिची दखल घ्यायची गरज नाही. जिल्हा न्यायालयाने हीच री ओढली. अपिलाचा हक्क राखून ठेवून रॉड्रिग्जने गुन्हा कबूल केला, पाच वर्षांची शिक्षा झाली. आठव्या सर्किटनेही सात-आठ मिनिटं किरकोळच आहेत म्हणून शिक्षा कायम केली. वाजवी संशय होता की नव्हता, या प्रश्नाला त्यांनी हातच लावला नाही.

किरकोळ वेळ या कल्पनेतली अडचण उघड आहे. किरकोळ म्हणजे किती? चार मिनिटं चालली म्हणून आठ चालली, तर बारा का नकोत? वेळेची पट्टी लावली की प्रत्येक खटल्यात ती थोडी थोडी ताणली जाते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो, की या मिनिटांना आधार कशाचा होता.

सर्वोच्च न्यायालयाचं उत्तर

निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला. बहुमताचं निकालपत्र न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिलं. मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स, न्या. स्कॅलिया, ब्रायर, सोटोमायोर आणि केगन त्यांच्या बाजूने होते. पुराणमतवादी स्कॅलिया आणि उदारमतवादी गिन्सबर्ग एका बाजूला म्हणून कोणी चमकायचं कारण नाही, पोलिसी झडतीच्या प्रश्नांवर स्कॅलियांचा कौल अनेकदा नागरिकाकडे जायचा.

निकालाचा गाभा असा. वाहतुकीच्या थांब्याला एक काम असतं. ज्या नियमभंगासाठी गाडी थांबवली त्याचा निपटारा करणं आणि त्याच्याशी जोडलेली सुरक्षितता सांभाळणं. परवाना बघणं, चालकावर वॉरंट आहे का ते तपासणं, नोंदणी आणि विमा पाहणं हे त्या कामात मोडतं, कारण रस्त्यावरची वाहनं नीट आणि जबाबदारीने चालावीत याच्याशी त्याचा संबंध आहे. कुत्र्याने गाडीचा वास घेण्याशी त्या कामाचा संबंध नाही. ती सरळसरळ गुन्ह्याचा पुरावा शोधायची कृती आहे. २००० सालच्या इंडियानापोलिस विरुद्ध एडमंड खटल्यात अमली पदार्थांसाठी केलेली नाकाबंदी याच कारणाने बेकायदा ठरली होती. म्हणून काम संपलं, किंवा रीतसर केलं असतं तर संपायला हवं होतं, तिथे अधिकारही संपतो. त्यापुढे थांबवायचं तर वेगळा वाजवी संशय लागतो.

सरकारी पक्षाने मिम्सचा आधार घेऊन पाहिला. खाली उतरायला लावणं ही किरकोळ ढवळाढवळ चालते, तर ही का नको? न्यायालयाने फरक दाखवला. उतरायला सांगणं हे त्याच थांब्यात पोलिसाच्या जिवाला असलेल्या धोक्यापोटी आहे. इथे दुसऱ्या अधिकाऱ्याची वाट पाहणं हेही सुरक्षिततेसाठीच होतं, पण कशाच्या सुरक्षिततेसाठी? कुत्रा फिरवण्याच्या. मूळ कामाबाहेरची वाट धरायची आणि त्या वाटेवरचा धोका मूळ कामाच्या खात्यावर टाकायचा, हे चालणार नाही, असं निकालपत्र सांगतं. संपूर्ण प्रकरणातला हा मुद्दा मला सर्वांत तेज वाटतो. सुरक्षितता हा शब्द आला की न्यायालयं सहसा माघार घेतात. इथे त्यांनी थांबून विचारलं की धोका निर्माण कोणी केला.

दुसरा सरकारी युक्तिवाद असा होता की एकूण वेळ इतर थांब्यांइतकाच असेल तर मधली काही मिनिटं इकडेतिकडे गेली म्हणून काय बिघडलं? त्यावर उत्तर आलं की पोलिसाने वाहतुकीचं काम झटपट उरकलं म्हणून त्याला उरलेल्या वेळात दुसरा तपास करायचा बोनस मिळत नाही. काम लवकर झालं तर तेवढाच वेळ वाजवी. कुत्रा ताकीद देण्याआधी फिरवला की नंतर, हेही निर्णायक नाही. त्यापायी थांब्यात वेळ वाढला का, एवढंच विचारायचं.

इथे एक गोष्ट मनात येते, जी निकालपत्राने फारशी उगाळलेली नाही. १२:०६ ते १२:२७ म्हणजे नुसती लेखी ताकीद द्यायला एकवीस मिनिटं लागली. त्यात सोबत्याची विचारपूस आली, त्याच्या परवान्याची तपासणी आली, दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावणं आलं. साईडपट्टीवर गाडी गेली त्यात शेजारी बसलेल्या माणसाचा काय हात? काम संपायला हवं होतं तो क्षण खरं तर १२:२७ च्याही आधी येऊन गेला होता, असं म्हणता आलं असतं. पण अधिकाऱ्याने स्वतःच काम संपल्याचं साक्षीत सांगितल्यामुळे ती चिरफाड करायची वेळ आली नाही. प्रामाणिक साक्षीने सरकारचा खटला अडचणीत आला, आणि इतकी सरळ कबुली देणारा साक्षीदार दर वेळी मिळेलच असं नाही.

असहमती

न्या. टॉमस यांनी विरोधी निकालपत्र लिहिलं. त्यांच्या मते थांबा एकूण २९ मिनिटांचा होता आणि तो वाजवीच होता. बहुमताचा नियम मानला तर घटनात्मक हक्क पोलिसाच्या कामाच्या वेगावर अवलंबून राहतो. चपळ अधिकाऱ्याला कमी वेळ आणि रेंगाळणाऱ्याला जास्त, हा उलटा न्याय झाला. शिवाय संशयाला आधार होताच, असं ते म्हणतात. गाडीतून एअर फ्रेशनरचा उग्र वास येत होता, सोबत्याने टोपी डोळ्यांवर ओढली होती, तो घाबरल्यासारखा सिगारेट ओढत होता, नजर देत नव्हता. फोटोही न बघितलेली गाडी पाहायला रात्री इतक्या उशिरा इतक्या लांब जाणंही अधिकाऱ्याला पटण्यासारखं वाटलं नव्हतं.

न्या. ॲलिटो यांचा सूर जास्त बोचरा आहे. हा नियम अनावश्यक, अव्यवहार्य आणि मनमानी आहे, असं ते लिहितात. प्रशिक्षणात पोलिसांना हा नियम शिकवला जात असताना तिथे भिंतीवरची माशी होऊन ऐकायला आवडेल, असा टोमणाही मारतात. मतलब असा की पोलीस क्रम बदलायला शिकतील. आधी कुत्रा, मग पावती. न्या. केनेडी यांचं म्हणणं माफक होतं, संशयाचा प्रश्न अपील न्यायालयाला तपासू द्यावा.

ॲलिटोंचं मला निम्मं पटतं. क्रम बदलून कायदा चुकवायचा प्रयत्न होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. पण बहुमताने नियम क्रमावर बांधलाच नव्हता, वाढलेल्या वेळेवर बांधला होता. ताकीद लिहायची थांबवून कुत्र्याची वाट पाहिली तरी तो वेळ वाढलेलाच. प्रश्न पुराव्याचा आहे. पेन जाणूनबुजून हळू चालत होतं हे सिद्ध कसं करायचं? म्हणूनच अशा थांब्याचा वाद पुढे न्यायालयात जातो तेव्हा गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण, नियंत्रण कक्षाकडच्या वेळा, तपासणीची उत्तरं कधी आली आणि पावती कधी छापली, अशा नोंदींना वजन येतं. टॉमस यांच्या वेगाच्या आक्षेपाचं उत्तर मात्र सोपं आहे. चपळ अधिकाऱ्याला शिक्षा होत नाही, त्याचं काम लवकर संपतं इतकंच. शिक्षा म्हणायची तर ती थांबून राहिलेल्या माणसाला होत असते.

रॉड्रिग्जने दिलेल्या नकाराबद्दलही एक शब्द. कुत्रा फिरवू का, याला नाही म्हणणं हा संशयाचा पुरावा होऊ शकत नाही. सहकार्य नाकारणं एवढ्यावरून अटकावाला आधार मिळत नाही, हे न्यायालयाने १९९१ मध्येच सांगून ठेवलं आहे. त्यामुळे ताकीद हातात असलेल्या माणसाला नकारानंतर उतरवलं गेलं, तेव्हा अधिकाऱ्याच्या हाती नियमभंगाचा आधार उरला नव्हता आणि नव्या संशयात नकाराची भर घालता येत नव्हती.

पुढे रॉड्रिग्जचं काय झालं

सर्वोच्च न्यायालयाने अपील न्यायालयाचा निकाल रद्द करून प्रकरण परत पाठवलं आणि वाजवी संशयाचा प्रश्न तिथे खुला ठेवला. आठव्या सर्किटने त्याच वर्षी पुन्हा निकाल दिला, आणि तोही रॉड्रिग्जच्या विरुद्ध. आधार होता २०११ च्या डेव्हिस खटल्यातला सद्भावनेचा अपवाद. कारण एवढंच की २०१२ च्या त्या रात्री आठव्या सर्किटच्या हद्दीत काही जादा मिनिटं कायदेशीर मानणारे बंधनकारक निकाल लागू होते. अधिकारी त्यांना धरून वागला. पुरावा वगळण्यामागचा हेतू पोलिसांना गैरवर्तनापासून परावृत्त करण्याचा असतो, आणि प्रचलित निकालाप्रमाणे वागणाऱ्याला कशापासून परावृत्त करायचं? म्हणून पिशवी पुराव्यात राहिली आणि शिक्षा कायम झाली.

तर्क म्हणून यात खोट काढणं कठीण आहे, तरी चव कडू राहतेच. नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो त्यालाच त्याचा लाभ मिळाला नाही. लाभ झाला तो २१ एप्रिल २०१५ नंतर थांबवल्या गेलेल्यांना, ज्यांच्या बाबतीत जुन्या निकालांवर विसंबलो असं पोलिसांना म्हणता येत नाही. आणि त्या रात्रीचा संशय वाजवी होता की नुसता मोठा अंदाज, यावर अपील न्यायालयाने अखेरपर्यंत कौल दिला नाही.